रोटरी इंजिनचं खूळ घेऊन गेलो आणि डीआय डिझेल इंजिन बसवून आलो: माधवनगर रोडच्या गॅरेजचा अनुभव

आधीच सांगतो, गॅरेजचं नाव टाकत नाहीये. मिस्त्रींनीच सांगितलंय, "नाव नको टाकू बाबा, आत्ताच सहा गाड्या लायनीत हायत, अजून आल्या तर लावू कुठं, तुझ्या दारात?" सांगलीहून माधवनगरकडं जाताना त्या पट्ट्यात कुठल्याही दोन टपऱ्यांवर जुन्या महिंद्राचं इंजिन काम म्हणून विचारा, तिसरा माणूस हात करून दाखवतोच. पत्र्याचं शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर एक बिनचाकाची कमांडर जीप विटांवर उभी आहे. बास, एवढ्या खुणेवर सापडतंय.

आमची गाडी म्हणजे आप्पांची जीपच्या तोंडाची महिंद्रा पिकअप, १९९४ ची, एमएच १० पासिंग. आत प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल, एक्सडीपी म्हणत्यात ते. या गाडीनं आमची द्राक्षं ओढलीत, बेदाण्याचे बॉक्स ओढलेत, खताची पोती, शेणखत, एका लग्नात अख्खा बँडबाजा ओढलाय. पण गेली दोन वर्षं इंजिन पार बसलं होतं. बॅक कॉम्प्रेशन एवढं की ऑईलचं झाकण काढलं की भक भक धूर, सकाळी हिटर लावून मनातल्या मनात तीस मोजायचे तेव्हा कुठं पकडायची, आणि कवठे एकंदपासून सांगलीला यायचं म्हणजे मागचा मोटारसायकलवाला काळा होऊन यायचा. दोनदा रिंगा टाकून झाल्या, एकदा स्लीव. तिसऱ्यांदा तेच करायचं आप्पांच्या जीवावर आलं होतं पण गाडी विकायचं नाव काढलं की जेवणाचं ताट सारायचे.

आता यात रोटरी कुठनं आली ते सांगतो. धाकटा भाऊ वालचंदला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि त्याच्या डोक्यात त्या वर्षी रोटरी इंजिन शिरलं होतं. दिवसरात्र तेच. जेवताना वांकेल, म्हणजे हे इंजिन काढणारा जर्मन, आणि झोपताना माझदा, म्हणजे ते गाडीत घालणारी जपानी कंपनी. म्हणे पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाही, एक तिकोनी रोटर डब्यात गरगर फिरतो आणि १३०८ सीसीत अशी ताकद काढतो की बघत राहावं, वर इंजिन एवढंसं की दोघांनी उचलून ठेवावं. मी म्हटलं पिकअपला असलं कोण बसवतंय, तर म्हणाला माझदानंच बसवलं होतं, कंपनीतनंच, १९७४ ते १९७७ मध्ये, अमेरिका-कॅनडात विकायला, १३बी इंजिन आणि मागं हौदा. फोटो दाखवला. खरं सांगतो, गाडी दिसायला लय भारी होती, फुगीर मडगार्डं आणि बुटकी. आणि आप्पा पण चष्मा लावून पाच मिनिटं बघत बसले, तिथंच माझ्या पोटात गोळा आला, कारण आप्पांना एकदा गाडी आवडली की पुढं हिशोब चालत नाही.

तर आम्ही तिघं मिस्त्रींकडं गेलो. रविवारची सकाळ होती. धाकट्यानं सोबत कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर बनवलेलं रोटरीचं मॉडेल आणलं होतं, पांढऱ्या प्लास्टिकचं, परातीएवढं. मला वाटलं मिस्त्री हसून घालवतील. मिस्त्रींचं वय साठच्या पुढं, शाळा सातवी, तोंडात कायम लवंग. त्यांनी हात पुसले, नुसत्या फडक्यानं नाही, आधी डिझेलनं धुतले मग साबणानं मग फडक्यानं, आणि मॉडेल मांडीवर घेतलं. बोलले काही नाहीत. खिशातनं खडू काढला, रोटरच्या एका टोकावर खूण केली, शाफ्टवर खूण केली आणि हळूहळू शाफ्ट फिरवायला लागले. एक. दोन. तीन. तिसऱ्या फेऱ्याला रोटर एक चक्कर मारून जागेवर आला. "तिनास एक," म्हणाले. मग आतला गिअर बघितला, नखानं दात मोजले, छोट्याला ३४ आणि रोटरच्या आतल्याला ५१. धाकटा माझ्याकडं बघून हसला, कारण माझदाच्या खऱ्या इंजिनात पण तेवढेच असतात आणि हे त्यानं सांगितलं नव्हतं.

मग मिस्त्रींनी रोटरच्या टोकावर बोट ठेवलं. "हितं काय हाय?" धाकटा म्हणाला सील, अ‍ॅपेक्स सील, तिन्ही टोकांना एकेक, दोन रोटर म्हणजे सहा. "आणि हे टोक डब्याच्या भिंतीला घासतच फिरणार?" हो. "ह्याच्या ह्या अंगाला पण गॅस, त्या अंगाला पण गॅस?" हो. "म्हंजी एक टोक गेलं की दोन्ही खोल्यांची हवा गेली." धाकटा गप्प. "आणि वंगण?" धाकटा म्हणाला एक पंप असतो, थोडं थोडं इंजिन ऑईल आत सोडतो, ते सीलला वंगण देतं आणि जळून जातं. मिस्त्री आप्पांकडं वळले. "आप्पा, तुमची गाडी आत्ता ऑईल खाती म्हणून आलाय नव्हं?"

आप्पा एवढे हसले की खोकला लागला.

धाकट्यानं पण हार मानली नाही हां, त्यानं सगळी कथा सांगितली. जर्मनीत एनएसयूनं आधी काढलं, १९६७ च्या त्यांच्या आरओ ८० गाडीची सीलं एवढी गेली की वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचा जीव गेला आणि १९६९ ला ती ऑडीत विरघळली. जपानमध्ये माझदाच्या लोकांना पण डब्याच्या आत ओरखडे यायचे, त्याला ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे, मग कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवून सील बनवलं तेव्हा १९६७ ला कॉस्मो गाडी रस्त्यावर आली. आणि १९९१ ला चार रोटरची गाडी घेऊन ल मान्सची चोवीस तासांची रेस मारली. मिस्त्रींनी सगळं ऐकलं, चहा सांगितला, ओरखड्याचा भाग तर परत सांगायला लावला. "सैतानाची नखं" हे त्यांना फार आवडलं, आता कुठल्याही इंजिनच्या ब्लॉकमध्ये ओरखडे दिसले की तेच म्हणतात. शेवटी एवढंच बोलले, इंजिन चांगलंच आहे, पण ते पळणाऱ्या गाडीचं आहे. त्याची ताकद आरपीएम वर चढल्यावर, आणि तुम्हाला ताकद पाहिजे बाराशे-पंधराशे आरपीएमला, चिखलातनं पहिल्या गिअरवर क्रेट भरून बाहेर पडायला. शिवाय पेट्रोल, आणि पाजायला आप्पांची द्राक्षबाग विकावी लागंल. सील गेलं तर ते कुपवाडच्या लेथवर होणार नाही, आणि आरसीवर डिझेल लिहिलंय त्याचं काय.

मी हे एवढं लांबण का लावलं, तर माझं या गॅरेजबद्दल मुख्य म्हणणं हेच आहे. आम्ही पैसे घेऊन गेलो होतो. दुसरीकडं एका ठिकाणी आधी विचारलं होतं, तिथं ऐकून न ऐकल्यासारखं करत "होतंय की, ॲडव्हान्स ठेवा" म्हणाले होते. हा माणूस अर्धा तास मांडीवर मॉडेल घेऊन बसला, समजून घेतलं आणि मग नाही म्हणाला. पोराचा अपमान पण केला नाही. सर्व्हिस म्हणून मला याचेच जास्त पैसे द्यावेसे वाटतात, पुढच्या कामाबद्दल मात्र बऱ्याच तक्रारी आहेत त्या पण सांगतो.

ठरलं असं की महिंद्राचंच २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन बसवायचं. जुन्या प्युजोत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत फवारलं जातं म्हणून थंडीत हिटर लागतो, डीआयमध्ये थेट पिस्टनच्या डोक्यावर मारतं, त्यामुळं आवाज जरा कडक पण सेल्फ मारला की सुरू आणि डिझेल कमी. पार्ट सगळीकडं मिळतात. आपल्या भागात जुन्या जीपांना हे इतक्यांदा झालंय की मिस्त्री लोकांना मापं तोंडपाठ असतात.

कागदाबद्दल मिस्त्री पक्के आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, आधी आरटीओची परवानगी, मग मी पान्याला हात लावतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, इंजिन बदलायचं तर अगोदर मंजुरी आणि नंतर आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. जुनं इंजिन घेताना त्याचं बिल आणि ते ज्या गाडीतनं काढलंय तिचे कागद मिस्त्रींनी मागून घेतले, नंबर खरवडलाय का ते टॉर्च लावून बघितलं. दोन इंजिनं याच कारणानं परत पाठवली. त्यातलं एक तर मला एकदम झकास वाटलं होतं, रंगबिंग मारलेलं. "रंग मारल्यालं इंजिन आणि पावडर लावल्याला घोडा घ्यायचा नाही," म्हणाले. घोड्याचं मला कळलं नाही पण ठीक आहे.

आता काम. इंजिन आल्यावर त्यांनी पूर्ण खोललं, बोअर मापला, क्रँक पॉलिश करून त्याचे शेल, म्हणजे बेअरिंग, नवीन, रिंगा नवीन, हेड प्लेन करून आणलं, पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला पाठवले. हे सगळं माझ्यासमोर, दाखवून. जुने शेल माझ्या हातात दिले, तांबं दिसायला लागलं होतं. गिअरबॉक्स पण पाच गिअरचा घेतला कारण जुना चार गिअरचा या बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोक्याला, तसा बसत नाही, बसवला तरी जुगाड होतो. चासीवरचे फौंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते, जुने कान कापून नवीन वेल्ड केले. घोडीला चेन पुली लावून इंजिन आत सोडताना मिस्त्री स्वतः खाली झोपतात आणि वर दोन पोरं, आणि आवाज फक्त त्यांचा, "सोड... सोड... थांब रं... सुताएवढं म्हागं... बास." मला व्हिडिओ काढायचा होता पण माझेच हात चेनला होते. फॅन आणि रेडिएटरमध्ये बोटभर जागा राहिली, मिस्त्रींना ती पसंत पडली नाही, म्हणून रेडिएटर पुढं सरकवायला पुढची पट्टी कापली. हे कोणी सांगितलं नव्हतं, करायची सक्ती नव्हती.

वेल्डिंगचं काम तेवढंच मन लावून करतील असं समजू नका मात्र. ते त्यांच्या हाताखालचा पोरगा करतो आणि त्याचं लक्ष मोबाईलमध्ये. डाव्या बाजूचा कान अकराशे किलोमीटरला चिरला. बुधगावच्या आसपास गिअर टाकताना इंजिन एका अंगाला झुकतंय असं वाटलं, उतरून बघितलं तर रबर एकीकडं आणि कान एकीकडं. दोरीनं बांधून आणली गाडी. मिस्त्रींनी फुकट करून दिलं, गसेट म्हणजे टेकूची पट्टी लावून, पोराला माझ्यासमोर चार शब्द ऐकवले, पण माझा मालाचा दिवस गेला त्याचं काय.

दुसरं म्हणजे जॉइंट शाफ्ट, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा. गिअरबॉक्सची लांबी बदलली म्हणून शाफ्ट कापून छोटा करावा लागतो. लेथवर नेऊन कापला, जोडला, आणि बॅलन्सिंग न करता लावून टाकला, म्हणे चालतंय. पंचावन्नला स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथर कापायला लागलं, आप्पांच्या खिशातली भडंग सांडली. परत काढला, बॅलन्स करून आणला, मग गेलं. पहिल्यांदाच करायला काय झालं होतं हे मी विचारलं तर उत्तर, "घाई तुमचीच हुती." घाई! तीन आठवडे सांगून नऊ आठवडे लावले आणि घाई माझी.

वेळ हा या गॅरेजचा मोठाच रोग आहे. फोन उचलत नाहीत. उचलला तर "उद्या या" आणि उद्या गेलं की ते कुपवाडला लेथवर. मध्ये गणपती आले, मग एक पोरगा गावाला गेला, मग कुणाचा तरी ट्रॅक्टर अडला म्हणून आमचं काम आठ दिवस बाजूला, कारण ट्रॅक्टरवाल्याची पेरणी होती. याला मी काय बोलणार, उद्या माझी छाटणी अडली तर माझं पण असंच आधी करतील.

पैसे. सुरुवातीला ९५ हजार बोलले, शेवट १ लाख २५ हजारावर गेला. इंजिन ६२, गिअरबॉक्स १४, पंप-नोझल साडेनऊ, शाफ्ट बॅलन्सिंगसकट ३ हजार ८००, रेडिएटर साडेसहा, कान-बेल हाउसिंग-क्लच प्लेट-पॅकिंग मिळून ७ हजार २००, आणि मजुरी २२ हजार. हिशोब एका सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर खडूनं लिहिलेला होता, पण पार्टाची बिलं सगळी तारेला अडकवून ठेवलेली, एक पण गहाळ नाही. मी तपासली, रुपयाचा फरक निघाला नाही. ९५ चे १२५ होण्यात मोठा वाटा गिअरबॉक्स आणि रेडिएटरचा, ते आधी धरलेच नव्हते, आणि हे त्यांना आधी माहीत असणारच असा माझा संशय अजून आहे. अंदाज घेताना "यात काय काय नाही" हे विचारून घ्या, काय आहे ते ते स्वतःहून सांगतात.

गाडी आता कशी आहे? सकाळी सेल्फ मारला की पहिल्या झटक्याला सुरू, आई स्वयंपाकघरातनं म्हणाली आज काय बिघडलं, धूर कसा नाही आला. रिकामी तेरा-साडेतेराचं अ‍ॅव्हरेज देते, भरून अकरा, आधी नऊ द्यायची ते पण मन असेल तर. ऑईल अडीच हजार किलोमीटरमध्ये डिपस्टिकवर जेमतेम सूतभर उतरलं. खरी परीक्षा म्हणून बेदाण्याचे पंधरा किलोचे साठ बॉक्स भरून तासगावहून सांगली मार्केट यार्डात नेले, वर आम्ही तिघं. आधी कुमठे फाट्याच्या पुढं चढाला दुसरा टाकायला लागायचा आणि मागं हॉर्नची रांग, आता तिसऱ्यावर, पाय अर्धाच. त्याच्या पुढच्या रविवारी देवदर्शनाच्या नावाखाली दंडोबाला चढवली, वर जाऊन बोनेट उघडलं, पाण्याचा काटा मध्यावर. आवाज मात्र आधीपेक्षा खडखडीत आहे, केबिनमध्ये फोनवर बोलता येत नाही. आप्पांना फोन नको असतो त्यामुळं त्यांना हा फायदाच वाटतोय. आणि स्टँडिंगला, म्हणजे गाडी जागेवर उभी चालू असताना, नंबर प्लेट तुणतुण्यासारखी वाजते, त्याला मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलाय.

धाकटा आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आता दर रविवारी मिस्त्रींकडं जाऊन बसतो, नोझलचं टेस्टिंग शिकतोय, आणि त्याच्या मते माझदानं २०२३ ला परत एका रोटरचं ८३० सीसी इंजिन काढलंय, पण चाकं फिरवायला नाही, इलेक्ट्रिक गाडीत जनरेटर म्हणून. हे मिस्त्रींना सांगितल्यावर ते म्हणाले, "आत्ता बरोबर जागी लावलं." म्हणजे विषय तिकडं अजून चालूच आहे. मॉडेल गॅरेजच्या फळीवर आहे, देवाच्या फोटोशेजारी, त्याला कुणी हात लावलेला चालत नाही.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर मालक सापडत नाहीत. सोमवारी बंद. वायरिंग खोलायच्या आधी स्वतःच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, आमचा डाव्या साईडचा इंडिकेटर लावला की वायपर हलायचा तो प्रकार दोन दिवसांनी निस्तरला. वेल्डिंग चालू असताना तिथंच उभं राहा, हलू नका. आणि स्पीडोमीटर, गिअरबॉक्स बदलल्यामुळं चुकीचा दाखवतोय, चाळीसला बावन्न. त्यासाठी केबलचा गिअर बदलायचाय, शंभर-दीडशेचं काम. पुढच्या आठवड्यात ये म्हणालेत. हे पाचव्यांदा.